नंदिगड्ड्यात पिशवीची चौकशी

मंडळी, एक गंभीर तक्रार नोंदवतो. स्कूटर मी चालवतो, पण मागे बसून सूत्रं सांगते बायको. भाष्य तेवढं माझ्याकडे.

आज आम्ही गुंद गावाला निघालो होतो, येशूची सुवार्ता सांगायला आणि तिने शिवलेले ब्लाऊज पोचवायला. वाटेत नंदिगड्ड्यात चार तरुणांनी अडवलं. "पिशवीत काय हाय?"

मी उत्तर जुळवतोय, तोवर ही म्हणाली, "वर ब्लाऊज, खाली बायबल."

मी हळूच किकवर पाय ठेवला. तेवढ्यात गुंदच्या बसची वाट बघणारी एक आजी ओरडली, "त्यात माझा ब्लाऊज हाय! हात लावू नगा रं!"

तरुण हसले. "जावा अक्का."

सुटलो एकदाचे. देवाचे आभार, आजीचेही.

पण खरं सांगतो, जिथे हिने कुणाचंच माप घेतलेलं नाही अशा गावातही ही असंच खरं बोलेल, याची मला भीती वाटते.