नाक कापलेला मुखवटा

परवानगी न विचारता आबा समोरच्याची हनुवटी धरायचे, चेहरा उजेडाकडे वळवायचे आणि म्हणायचे, "यामा काई नई शे." पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या चेहऱ्याचा असा निकाल लावला. मला ते कधीच आवडले नाहीत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेलच, हातात कला आणि जिभेवर विंचू.

आबा शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. गावच्या सोंगांसाठी कागदाच्या लगद्याचे मुखवटे करायचे. जळगावच्या आमच्या हौशी मंडळींनी एक प्राचीन ग्रीक विनोदी नाटक मराठीत बसवायला घेतलं, तेव्हा आमच्या दिग्दर्शिकेने त्यांना बोलावलं. तिकडे त्या काळी नट मुखवटे घालून बड्या पुढाऱ्यांची भर सभेत टिंगल करत, असं तिने समजावलं.

आबांनी एवढंच विचारलं, "मंग आपला कोन शे?"

तालमीला ते कोपऱ्यात बसून खेकसत. "मान हालव! सोंगले डोळा नई ऱ्हातस, मानच डोळा शे." मुखवट्यात माझा श्वास कोंडायचा, घाम डोळ्यांत उतरायचा. तक्रार केली की म्हणत, "मंग घर जाय." एक मात्र कबूल करतो. माझा कारकुनी आवाज त्या वासलेल्या तोंडातून बाहेर पडला की दुसऱ्याच कुणाचा वाटायचा. न घाबरणाऱ्याचा.

पुढाऱ्याचं काम माझं होतं. त्याच्या मुखवट्याला आबांनी भरताच्या वांग्याएवढं नाक लावलं. सगळे खो खो हसले आणि एकदम गप्प झाले. तसं नाक शहरात एकाच माणसाचं होतं, आणि प्रयोगाला तो पहिल्या रांगेत बसणार होता.

"आबा, थोडं लहान करा ना," दिग्दर्शिका म्हणाली.

"नाक त्यान्हं शे. मन्हं नई."

प्रयोगाच्या दिवशी दुपारी मीच पातं घेऊन ते नाक कापलं, वर कागद चिकटवून रंग फासला. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी बदली त्या माणसाच्या हातात होती.

मध्यंतरात आबा रंगपटात आले. माझ्या तोंडावरचा मुखवटा ओढून काढला आणि कापलेल्या जागेवर अंगठा फिरवला. "एकनं नाक कापं म्हंजे बठ्ठास्नं कापं," म्हणाले, आणि सगळेच्या सगळे, आठही मुखवटे पोत्यात कोंबून निघून गेले.

दुसरा अंक आम्ही उघड्या तोंडांनी केला. पहिल्या रांगेतला माणूस सरळ माझ्याकडे बघत होता. निम्मी वाक्यं मी गिळली. कुणी हसलं नाही.

आठवड्याने मी आबांच्या गावी गेलो, ते भांडायलाच. अंगणातल्या हौदात आठही मुखवटे भिजत होते आणि धोतर खोचून आबा त्यांचा पायांनी लगदा करत होते. मी तोंडाला येईल ते बोललो. त्यांचे पाय थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाले, "झायं? बूट काढ. पाय धुई ये. तुडवाले लाग."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तसा आवाज मी प्रथमच ऐकत होतो, आणि मला तो सोसवेना. बस चुकेल, असं काहीतरी पुटपुटलो.

आबा गेल्याचं यंदा कळलं. आता त्यांचं एकच रूप समोर येतं. हौदाचा काठ धरून, माझ्यापुरती जागा करत, ते एका बाजूला सरकून उभे आहेत.

मी बूट काढले नाहीत.