आधी नातं सांगा

महाडच्या कोर्टात उतेकर सरांचं पहिलं वाक्य बऱ्याचदा स्वतःच्या अशिलालाच अडचणीत आणायचं. मी त्यांच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले त्याच आठवड्यात बांधाच्या एका दाव्यात ते उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, प्रतिवादी माझ्या बायकोच्या मामेभावाचा मेहुणा लागतो. आमचं येणंजाणं आहे. नोंद घ्यावी."

बाहेर आल्यावर अशील भडकला. "वकीलसाहेब, तुमी आमच्या बाजूचं हाव का त्यांच्या? कोनी इचारलं तरी होतं काय?"

सर कोट काढत म्हणाले, "विचारायच्या आत सांगितलं तर ते नातं. मागाहून कळलं तर ती भानगड. आधी नातं सांगा, मग बाजू मांडा."

ही त्यांची शिस्त नव्हे, जवळजवळ व्यसनच होतं. एकदा पोलादपूरच्या रस्त्यावर त्यांची स्कूटर बंद पडली. नव्याने बदलून आलेल्या न्यायाधीशांनी गाडी थांबवली, तर सर नको म्हणाले आणि ढकलत गावात आले. "उद्या त्यांच्यासमोर माझी सुनावणी आहे. ते सरळ आहेत, मीही सरळ आहे. पण रस्त्यावरच्या माणसाला ते कसं कळणार?"

सरांना जवळचा असा मित्र एकच, विनायक. तरुणपणी दोघांनी महाडमध्ये एकाच टेबलावर वकिली सुरू केली होती. विनायक मुंबईला गेला, न्यायाधीश झाला, पुढे दिल्लीला देशातल्या सर्वांत वरच्या कोर्टात पोचला. त्या दिवशी सरांनी बाररूममध्ये पेढे वाटले. मी त्यांना मोठ्याने हसताना तेव्हाच पाहिलं.

आणि मग कोंडवाडीचं प्रकरण आलं. आंबेनळी घाटाकडे जाताना वर डोंगराच्या कुशीत ही वाडी. तरणी माणसं बहुतेक मुंबईला, घरी म्हातारी आणि शेती करणारे थोडे. वाडीखालचा उतार एका खाणमालकाने फोडायला घेतला होता. सखूबाई नावाची बाई वाडीच्या वतीने खाली आली. "वकीलदादा, सुरुंग उडाला का चुलीवरचं भांडं हालतं. भुईला हात जाईल येवढी भेग पडली हाय. तळीये दरडीखाली गेल्यापासून पावसात कोनाच्या डोळ्याला डोळा नाय."

सरांनी वर्षभर झगडून हायकोर्टातून खाण बंद करून आणली. मालक दिल्लीला अपिलात गेला आणि अपील विनायकसमोर लागलं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात विनायकच्या मुलीचं लग्न महाबळेश्वरला झालं होतं, याच खाणमालकाच्या बंगल्यावर. सर त्या लग्नाला गेले होते. दारात मालक घरच्या माणसासारखा पाहुण्यांचं स्वागत करत होता. तरीही दिल्लीला निघताना सर मला म्हणाले, "विनायक बाजूला होईल. मालकाचं नाव वाचलं की स्वतःच म्हणेल, हे दुसऱ्याकडे द्या."

विनायक बाजूला झाला नाही. लग्नाची गोष्ट कोर्टात सांगा, अशी आमच्या दिल्लीच्या वकिलांना सरांनी विनंती केली, तर ते कुजबुजले, "मला उद्याही याच कोर्टात उभं राहायचंय, उतेकर." तेव्हा सर स्वतःच उठले. महाडच्या उच्चारातल्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की अपील करणाऱ्याच्या घरी न्यायमूर्तींच्या मुलीचं लग्न झालं आहे, मी तिथे जेवलो आहे, आणि हे पक्षकारांना कळायला हवं.

विनायक सरांकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसा पाहत राहिला. "माझ्या सद्सद्विवेकबुद्धीची चिंता तुम्ही करू नका. बसा." पुढच्या काही मिनिटांत हायकोर्टाच्या आदेशाला स्थगिती मिळाली. अंतिम सुनावणी यथावकाश.

परतताना सर एवढंच बोलले, "तो पैसे खाणारा नाही गं. पैसे खाणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. याला खरंच वाटतं, आपल्याला काही चिकटत नाही."

खाण पुन्हा सुरू झाली. श्रावणात कोंडवाडीचं खालचं अंग घसरून दरीत गेलं. सखूबाईंचा मुलगा आणि सून घरासकट गेले. सखूबाई वरच्या आळीला भावकीत गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

सरांनी दिल्लीला रीतसर तक्रार केली. उत्तर आलं, चौकशीचं कारण दिसत नाही. कोणी पाहिलं, काय विचारलं, काहीच कळलं नाही. "तलाठी चुकला तर तहसीलदार आहे, तहसीलदार चुकला तर कलेक्टर," सर म्हणायचे. "दिल्लीला मात्र ज्याची तक्रार करायची, त्याच्याच शेजाऱ्याचं दार वाजवायचं." बाररूममध्ये लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याला मित्राचा मत्सर वाटतो. हळूहळू अशीलही तुटले. सर थकत गेले.

निवृत्त झाल्यावर विनायक एका सत्कारासाठी महाडला आला आणि सरांच्या घरी भेटायला आला. मी तिथेच होते.

"अनंता, आदेश कायद्याला धरून होता," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"असेल. बरोबर असला तरी तो तू द्यायला नको होतास."

"मग आता काय करू म्हणतोस?"

"कोंडवाडीत चल. चुकलो म्हण. एवढंच."

तेवढ्यात सखूबाई मागच्या पडवीतून आत आल्या. दर बाजाराला त्या सरांसाठी भाजी घेऊन यायच्या. सर म्हणाले, "सखूबाई, हे दिल्लीचे न्यायमूर्ती."

सखूबाईंनी टोपली खाली ठेवली आणि पदर डोक्यावर घेऊन दोन्ही हात जोडले. "साहेब, आमची केस कवा लागंल वो? पोरगा गेला, सून गेली. पन केस चालू हाय ना अजून?"

विनायक उठला, चप्पल घातली आणि गाडीत जाऊन बसला.

गाडी गेल्यावर सखूबाईंनी विचारलं, "काय बोललं नाय ते?"

सरांनी लपवलं नाही. "खाण चालू करायला सांगणारे हेच, सखूबाई."

त्या स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "आन् मी त्येला हात जोडलं?" चहाला न थांबता, टोपली तशीच सोडून त्या निघून गेल्या.

सर त्यानंतर फार जगले नाहीत. अपील अजून दिल्लीत पडून आहे. शेवटी शेवटी तापाच्या ग्लानीत ते मला एकच विचारत राहिले, "सखूबाई घरी पोचली का गं?"

"पोचली, सर," मी म्हणायचे. ते थोडे निवांत व्हायचे आणि पुन्हा विचारायचे.