दोरीवरचं झबलं

शेजारचे काका घरीच कपडे धुण्याची पावडर करतात. रिठे कुटायचे, सोडा मिसळायचा आणि चिमूटभर पाण्यात घुसळून फेस कानाशी नेऊन ऐकायचा. पुडी सगळ्यांना फुकट देतात, पण विचारतात, "शेतातल्या औषध-फवारणीचे कपडे येगळे धुता ना?"

नंतर येता-जाता लोकांच्या दोऱ्या न्याहाळतात. मला ते विचित्र वाटायचं. एकदा त्यांनी आमच्या दोरीवरून लेकीचं झबलं काढलं, हुंगलं आणि नळावर बसून पुन्हा धुवायला घेतलं.

"काहून धुऊन राह्यले, काका?"

"बापाच्या फवारणीच्या शर्टाचा वास येते याले. हे धुतल्यावर घाल पोरीले."

दोन्ही एकाच बादलीत धुतल्याचं मी कुणाला बोलले नव्हते. आता मोरीत दोन बादल्या आहेत. तरीही काका दोरीपाशी थांबतातच.