खिचडी कोणी खाल्ली

अमरावतीच्या एका प्रकाशनात प्रतीक्षा इंगळे अक्षरजुळणी करायची. शिक्षण कॉम्प्युटरच्या डिप्लोमाचं, पण नोकरी तिनं मुद्दाम पुस्तकांची धरली होती. दुसऱ्यांची पुस्तकं जुळवता जुळवता एक दिवस आपलंही निघेल, असा तिचा साधा विचार. तिच्याआधी घरात कोणी वर्तमानपत्राला दोन ओळीही लिहून पाठवल्या नव्हत्या.

प्रकाशक भगवंतराव तिच्या कामावर खूश असत. किचकट हस्तलिखित आलं की ते तिच्याच टेबलावर यायचं. सहदेव सरांचंही तसंच आलं. सर निवृत्त प्राचार्य, वरूडकडच्या बागायतदार पाटील घराण्यातले. कादंबरी खेड्यातल्या शाळेवर होती, पण तिच्यातले शेतमजूर रेडिओवर बातम्या दिल्यासारखे बोलत.

"प्रतीक्षाताई, तुमच्या वस्तीतली माणसं बोलतात तसं करून द्या ना जरा," सर म्हणाले.

'तुमच्या वस्तीतली' तिला खटकलं. पण एवढा मोठा लेखक आपल्याला विचारतो, यानं ती हरखलीही. तिनं सगळे संवाद बदलून दिले. शिवाय चहा पिताना मावशीचा किस्सा सांगितला.

मावशी म्हणजे सुंदराबाई. अकोल्याजवळच्या एका गावात ती शाळेची खिचडी शिजवायची. बौद्ध बाईच्या हातची म्हणून पहिल्या दिवशी एकाही पोरानं ताटली पुढं केली नाही. सुंदराबाईनं सगळ्यांच्या देखत ओट्यावर बसून स्वतःला वाढून घेतलं, सावकाश जेवली आणि उरलेल्या खिचडीचं पातेलं डोक्यावर घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच खिचडी शिजत घातली.

"फार मोठं आहे हे," सर म्हणाले.

कादंबरी निघाली, गाजली, तिला पुरस्कार मिळाला. परीक्षणांत 'अस्सल वऱ्हाडी बोली'चं कौतुक झालं. खिचडीचा प्रसंग तिच्यात होता. फक्त तिथं पाटलांच्या घरातले हेडमास्तर पुढं होतात, बाईच्या हातून पहिला घास घेतात आणि सारं गाव खजील होतं. प्रतीक्षाचं नाव छापखान्याच्या पत्त्याशेजारी होतं. पुढे लिहिलं होतं, अक्षरजुळणी.

तिला राग आला, पण तो तिनं गिळला. कारण तोवर तिची स्वतःची कादंबरी पुरी झाली होती. ती तिनं भगवंतरावांना दिली.

"हात चांगला आहे तुमचा," वाचून ते म्हणाले. "पण खिचडीचा भाग काढा."

"काहून? तोच तर जीव आहे पुस्तकाचा."

"सरांच्या कादंबरीत आहे तो. लोक म्हणतील, तुम्ही उचलला."

"मी उचलला? साहेब, मीच सांगितला सरांना! इथंच, याच टेबलावर."

"असेल. पण आधी छापला कोणी? आणि खरं सांगू? सरांचा शेवट जास्त भिडतो. तुमच्यात कोणी सुधारतच नाही." मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "नाही तर दुसरं करू. सर प्रस्तावना द्यायला तयार आहेत. त्यांच्या लेखनातून प्रेरणा घेतलेली नवी लेखिका म्हणून. सोपी गोष्ट नाही ही."

प्रतीक्षानं अकोल्याची एसटी धरली. मावशीचं बोलणं मोबाइलवर घ्यायचं आणि भगवंतरावांपुढं ठेवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

मावशी म्हणाली, "आधी वाचून दाखव दोन्ही."

सरांचं ऐकताना ती पदर तोंडाला लावून हसली. "हेडमास्तर? तो तं पोट दुखते म्हनून घरी पयाला होता!"

मग प्रतीक्षानं स्वतःचं वाचलं. मावशी हसली नाही.

"हे रमा कोन वं?"

"तूच. नाव बदललं."

"काहून बदललं? म्या का चोरी केली होती?"

"कादंबरीत बदलतात, मावशी."

"आन मी रडली कवा? त्या दिवशी भूक लागली होती मले, रडते कायले?"

ते रडणं प्रतीक्षानंच घातलं होतं, वाचकाच्या मनाला लागावं म्हणून. ती म्हणाली, "सरांनी तर सगळंच चोरलं."

"त्यानं मले इचारलं नाई. तू कवा इचारलं?"

"मी तुही पोरगी आहो ना."

"पोरगी म्हनूनच तं सांगतलं. पुस्तकात टाक म्हनून नाई सांगतलं." मग तीच म्हणाली, "टाक. पन माह्या नावानं टाक. गावाचंबी नाव टाक."

"मग लेखिका कोण?"

"सांगनारी मी, लिहिनारी तू. आता तूच पाह्य."

परतीच्या गाडीत प्रतीक्षाला सरांपेक्षा मावशीचाच जास्त राग आला. मुखपृष्ठावरचं आपलं नाव तिनं किती वेळा मनात जुळवून पाहिलं होतं. पुढे बरेच दिवस तिनं ती फाइल उघडली नाही. उघडली तेव्हा पहिल्यांदा रमाचं रडणं काढलं. ते काढल्यावर रमाही टिकेना. मग दर रविवारी ती अकोल्याला जाऊ लागली, मावशी सांगेल तसं उतरवू लागली, लिहिलेलं तिला वाचून दाखवू लागली.

पुस्तक सुंदराबाई तायडे यांच्या नावानं अकोल्याच्या एका लहान प्रकाशकानं काढलं. भगवंतरावांनी ते घेतलं नाही. "कादंबरी असती तर पाहिलं असतं," ते म्हणाले. मुखपृष्ठावर खाली बारीक अक्षरात होतं, शब्दांकन प्रतीक्षा इंगळे. एका परीक्षणात लिहिलं होतं, यातला खिचडीचा प्रसंग सहदेव सरांच्या कादंबरीची आठवण करून देतो. सरांच्या कादंबरीची नवी आवृत्ती हेडमास्तरांसकट निघाली.

प्रतीक्षानं ती नोकरी सोडली. आता एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप करते आणि घरी नवी कादंबरी लिहिते. तिच्यात मावशी नाही. त्यामुळं ती फार हळू चालते. संवाद लिहिताना प्रतीक्षा अडते, कारण माणसांनी काय बोलायचं ते आता तिलाच ठरवावं लागतं. तिची सुरुवातीची प्रकरणं दोन प्रकाशकांनी परत पाठवली आहेत. तिसऱ्याकडे पाठवायच्या आधी ती पहिलं प्रकरण पुन्हा लिहून काढते आहे.