मृगाच्या आतलं घर

बेंबळीतलं आमचं जुनं घर पाडून नवं पाच खणांचं, मातीच्या सपाट छताचं माळवद घालायचं ठरलं, तेव्हा निजामाचं राज्य होतं. काम अंगावर घेणारा गुत्तेदार माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा. स्टँपाच्या कागदावर उर्दूत करार झाला: मृग लागायच्या आत घर पुरं करायचं, उशीर झाला तर दर आठवड्याला निजामाच्या शिक्क्याचे दहा हाली रुपये मजुरीतून कापायचे. गुत्तेदारानं हसत अंगठा उठवला. आम्ही तात्पुरतं गोठ्यात बिऱ्हाड मांडलं.

चैत्र सरला, भिंती उभ्या राहिल्या, मला सातवा लागला आणि माणसं यायची थांबली. कधी चुना मुरला नाही म्हणायचे, कधी गवंडी तापानं पडलाय म्हणायचे. नवरा सगळं ऐकून मान हलवत घरी यायचा. मग माझी नणंद तुळजापूरहून आली. आमचे गवंडी तिथं एका व्यापाऱ्याच्या घराचा दुसरा मजला चढवत होते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो गुत्तेदाराला जाब विचारायला गेला आणि चहा पिऊन परत आला.

मृग आला तसा पडलाही. उघड्या भिंती भिजल्या, मागची अर्धी खचली. आषाढात गोठ्यातच मला मुलगी झाली. वरून गळत होतं. सुईण बाळाकडं बघत होती आणि सासू माझ्या अंगावर पोतं धरून उभी होती. पोर महिनाभर तापली. जगली, म्हणून मी आज एवढंच सांगून थांबते.

भाद्रपदात गुत्तेदार उगवला. माळवद घालायचं तर उरलेली मजुरी आधी द्या म्हणाला. नवरा पैसे काढायला उठलाच होता. मी ट्रंकेतून करार काढला आणि शेजारच्या चाचांना बोलावलं. ते शिंपीकाम करायचे, उर्दू उत्तम वाचायचे. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि आमच्या बोलीत सांगितली.

"पाऊस काय माझ्या हातात हाय का, वैनी?" गुत्तेदार म्हणाला.

"पाऊस येणार म्हणूनच मृगाची मुदत घातली होती," मी म्हणाले. "तुमी माणसं तुळजापुरात ठेवली, ती पावसानं नेली व्हय?"

नवरा हळूच म्हणाला, "तू आत जा."

"कुठं आत? घराला आत हाय का अजून?"

चाचांनी बोटांवर आठवडे मोजले, तेरा भरले. एकशेतीस कापायचे आणि उरलेले काम झाल्यावर द्यायचे, असं त्यांनीच ठरवून दिलं. खचलेली भिंत गुत्तेदारानं आपल्या खर्चानं उभी केली. दसऱ्याला माळवद घालून झालं.

गुत्तेदार गावभर सांगत सुटला की त्या घरची बाई लई कडक हाय. नवऱ्याला मैत्री तुटल्याचं वाईट वाटत राहिलं. गोठ्यातल्या त्या दिवसांचं वाईट वाटल्याचं मात्र तो कधी बोलला नाही. त्याचा मला गुत्तेदाराहून जास्त राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

पुढं माझ्या भावानं तामलवाडीला घर काढलं, तेव्हा मी करारात एक ओळ वाढवायला लावली: माणसं दुसऱ्या कामावर नेली तर त्याच दिवसापासून दंड. भाऊ हसला. मी त्याला ती ओळ दोनदा वाचून दाखवायला सांगितली.