जप्त केलेला दिवा

इतकी वर्षं लोटली, तरी तो दिवा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. हा तर एका आरशाच्या चोरीचा किरकोळ गुन्हा होता. यातल्या कुणाचंही नाव मी लिहीत नाही.

महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी मेढ्याच्या ठाण्यात फौजदार होतो. जत्रेच्या दिवसांत एक फिरता सिनेमा गावाबाहेर तंबू ठोकून बसला होता. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा ऑपरेटर ठाण्यात आला. सिनेमाच्या मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळतात, त्यांच्या मागे बशीसारखा खोलगट, काचेचा आरसा असतो; तो रात्रीतून चोरीला गेला, अशी त्याची फिर्याद. आरसा नाही तर पडद्यावर चित्र नाही. खेळ बंद पडले आणि तंबूचा मालक रोज ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसू लागला.

आठवड्याभरानं खबर मिळाली. खबर देणारा एक गाडीवान होता. तो म्हणाला, "साहेब, घाटात काल माझी बैलं बिथरली. समोरनं फटफटी आली, तिचा उजेड म्हंजे दिवसच! असला उजेड आपल्याकडं कुणाच्या गाडीला न्हाई. त्यो सिनेमावाल्याचाच आरसा हाय, लिहून घ्या."

फटफटी पंचक्रोशीत एकाच माणसाकडं होती. जवळच्याच गावचा शेतकरी, वय तिशीचं. लढाईत तो आफ्रिकेच्या वाळवंटात मोटारसायकलवरून लष्कराचे निरोप पोचवत असे. परत आल्यावर लष्करी लिलावात त्यानं तशीच एक गाडी घेतली. गावात त्याला सगळे फौजी म्हणत. गाडीचे कागद चोख होते.

मी गाडी पाहिली. लिलावातल्या या गाड्यांच्या दिव्यांवर लढाईच्या काळातलं काळं झाकण असे. विमानांना दिसू नये म्हणून उजेड फक्त एका फटीतून बाहेर यायचा. इथं ते झाकण नव्हतंच. त्या जागी वीतभर रुंदीचा मोठा दिवा होता. पुढची काच स्क्रूंनी घट्ट बसवलेली, आणि काचेआड आरसा असा लखलखत होता की त्यात माझी मिशी दिसत होती. मला आणखी पुरावा नको होता. दिवा काढला, पंचनामा केला, सील ठोकलं आणि मुद्देमालाच्या कपाटात ठेवला.

चौकशीला फौजी ताठ उभा राहिला.

"आरसा कुठून आणलास?"

"आणला न्हाई साहेब. करून घेतला. सांगलीला एक पत्र्याचं काम करणारे चाचा हायत, त्यांनी केला."

"पत्रेवाला डबे करतो, चाळण्या करतो. असला आरसा विलायतेहून येतो."

"मला बी तसंच वाटलं हुतं."

मी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी उलटसुलट विचारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. जबाबातला एक शब्द बदलला नाही. शेवटी मी विचारलं, "एवढा उजेड तुला हवाय कशाला?"

त्यानं बाहेर घाटाकडं पाहिलं. मग म्हणाला, "घाटात वाट दिसाय पायजे म्हणून." पुढं काही बोलेना. गप्प बसणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. काय असतं, याचा माझा अंदाज मात्र चुकला.

खातरजमा करायची म्हणून मी सांगलीला गेलो. सांगली तेव्हा संस्थानात. आधी तिथल्या पोलिसांना पत्र दिलं, त्यांचा एक हवालदार बरोबर घेतला आणि हळदीच्या पेठेमागच्या बोळात चाचांचं दुकान शोधलं. सत्तरीचा म्हातारा, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मी चौकशीचं कारण सांगितलं. ते घाबरले नाहीत. मागच्या खोलीतून त्यांनी एक पोतं ओढत आणलं आणि माझ्यापुढं रिकामं केलं. त्यातून तांब्याच्या खोलगट वाट्या निघाल्या, एकूण सात.

"ह्या समद्या बिघडल्या," चाचा म्हणाले. "आठवी आत्ता ह्याच पंधरवड्यात जमली. ती तुमच्या कपाटात हाय."

"बिघडल्या म्हणजे काय? मला तर सगळ्या सारख्याच दिसतात."

"चला, दावतो."

ते मला अंगणात घेऊन गेले. दुपारचं ऊन होतं. त्यांनी एक वाटी उन्हात धरली आणि तिच्या पोटासमोर वाळलेली गवताची काडी आणली. काडीवर उजेडाचा रुपयाएवढा फिकट ठिपका पडला. काडी नुसती कोमट झाली.

"बघा. उजेड हितं सांडला. ह्या वाटीपुढं बल्ब लावला तर घाटात जाऊन बी उजेड असाच सांडनार, झाडावर, आभाळात, कुठं बी."

मग त्यांनी नववी वाटी आणली. फौजीचा दिवा जप्त झाल्याचं कळल्यापासून ते तिच्यावर काम करत होते. तिला अजून चांदीचा मुलामा नव्हता, नुसतं घासलेलं तांबं होतं. चाचांनी काडी हळूहळू पुढं-मागं केली. ठिपका आवळत आवळत मोहरीएवढा झाला आणि काडीतून धूर निघाला. पुढच्याच क्षणी ती पेटली.

"आला का समदा उजेड एका जागी? काडी जिथं पेटली तिथं बल्ब बसवायचा. मग आतनं निघालेला उजेड सरळ जातो, सळईसारखा."

मी शाळेत आरशांचे नियम पाठ केले होते, परीक्षेत मार्कही मिळवले होते. हा माणूस शाळेत गेलेला नव्हता. लाकडी साच्यावर हातोडीनं ठोकत, उन्हात काड्या जाळत, तोच नियम त्यानं आपल्या हातांनी शोधून काढला होता. मी वाकून ती जळकी काडी उचलली. संस्थानच्या हवालदारानं तर टोपी काढून काखेत धरली होती.

चाचांनी बाकीचंही सांगितलं. मूळ वायर बारीक होती, बॅटरीचा निम्मा जोर वायरीतच जिरत होता, म्हणून जाड वायर घातली. दिव्याखाली एक बोल्ट दिला, म्हणजे दिवा थोडा खाली वाकवता येईल आणि उजेड रस्त्याच्या कडेवर पडेल.

"आणि चांदी?" मी विचारलं. "एवढ्या मुलाम्याला चांदी कुठली?"

चाचांनी चष्मा काढून पुसला. "त्यानं सांगितलं न्हाई व्हय तुमाला? त्याच्या बायकोचे तोडे हुते."

मग सगळं कळलं. वर्षापूर्वी फौजीची बायको बाळंतपणात अडली. तो साताऱ्याहून डॉक्टरीणबाईंना मागं बसवून निघाला. झाकणातल्या फटीचा उजेड चाकापुढं दोन हात पडत होता. घाटाच्या एका वळणावर दरड कोसळलेली होती, ती दिसली नाही. गाडी आपटून चाक वाकलं. दोघं उरलेली वाट चालत गेले. पोचले तेव्हा बायको गेली होती, मूलही गेलं होतं. त्यानंतर डोंगरातल्या कुठल्याही घरी बाई अडली की निरोप फौजीकडं यायचा आणि तो डॉक्टरीणबाईंना घेऊन यायचा.

दुसऱ्या दिवशी मी मेढ्याला परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ठाण्याच्या दारात फौजी उभा होता, गाडीसकट. डोंगरापलीकडच्या वाडीतली एक बाई कालपासून अडली होती.

"साहेब, दिवा द्या. उद्या सकाळी हितंच आणून ठिवतो. मग पायजे तर मला आत टाका."

मुद्देमाल कोर्टाच्या हुकुमाशिवाय सोडता येत नाही. नोकरी जाण्यासारखी चूक होती. ठाणे अंमलदार माझ्याकडं पाहत होता. मी म्हणालो, "दिव्याचं सील मी माझ्या हातानं काढतोय, स्टेशन डायरीत माझ्या नावावर लिहा." दिवा बसवायला फौजीला पाच मिनिटंही लागली नाहीत.

तो डॉक्टरीणबाईंना आणायला साताऱ्याकडं गेल्यावर मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. दोनेक तासांनी समोरच्या घाटमाथ्यावर एक उजेड उगवला. मी कंदील पाहिले होते, मशाली पाहिल्या होत्या, बड्या साहेबांच्या मोटारी पाहिल्या होत्या. असं काही पाहिलं नव्हतं. एक सरळ, पांढरा पट्टा वळणावळणानं डोंगर उतरत होता. तो जिथं जाई तिथली दरी, करवंदीच्या जाळ्या, रस्त्यावरचा एकेक दगड अंधारातून वर येई आणि पुन्हा बुडे. ठाण्यातले सगळे शिपाई बाहेर येऊन उभे राहिले. गाडी ठाण्यावरून सरळ पुढं गेली. मागं डॉक्टरीणबाई, नऊवारीचा काचा घट्ट मारलेला, मांडीवर औषधांची पेटी.

पहाटे फौजी आला. डोळे तांबारले होते. "मुलगी झाली साहेब. दोघी बऱ्या हायत," एवढं म्हणून त्यानं दिवा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

सकाळी मी ऑपरेटरला मुद्देमाल ओळखायला बोलावलं. काच तशीच बंद होती.

"हाच आमचा आरसा," तो लगेच म्हणाला.

"नीट बघा. नक्की?"

"रोज माझ्याच हातात असतो साहेब. डागसुद्धा ओळखतो."

ते लिहून घेतलं, त्याची सही घेतली. मग मी स्क्रू काढले आणि किल्लीनं आतल्या वाटीवर टकटक केली. धातूचा टणटणीत आवाज आला. फिर्यादीत त्यानं स्वतःच सांगितलेलं होतं, आरसा काचेचा. ऑपरेटरचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं तो रडायला लागला. तापलेल्या आरशावर वारा येऊन तो तडकला होता. मालक कामावरून काढील या भीतीनं त्यानं तुकडे वेण्णा नदीच्या डोहात टाकले आणि चोरीची फिर्याद दिली. तुकडे आम्ही त्याच दिवशी काढले. कोर्टानं त्याला समज देऊन सोडलं. मालकानंही त्याला ठेवून घेतलं. मशीन चालवणारा दुसरा मिळणार कुठून?

दिवा सोडल्याबद्दल मला वरून लेखी ताकीद आली. ती मी सही करून घेतली. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. तीन दिवस मी त्या माणसाला दरडावत होतो, ते कशाच्या जोरावर? गाडीवानाच्या एका तर्कावर, आणि माझ्या मनात आधीच पक्क्या असलेल्या एका समजावर. इतकी सुबक वस्तू आपल्या मुलखातल्या साध्या माणसाच्या हातून होणारच नाही, म्हणून ती चोरीचीच. हा समज कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हता. तो माझाच होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी खंडाळ्याला असताना शिपायांनी एका मेंढपाळाला धरून आणलं. त्याच्याकडं एक सुंदर कातर सापडली होती. चोरीची असणार, असं शिपायांचं म्हणणं. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "ही कशी केलीस?" त्यानं जमिनीवर मांडी घातली, मोटारीच्या मोडक्या स्प्रिंगचं पातं भट्टीत किती लाल करायचं तिथून सुरुवात केली, आणि तासभर बोलत राहिला.