खव्याची गाडी आणि काळा धूर

आमच्याकडच्या वाशीच्या मिठाईवाल्यानं खव्याचा गोळा माझ्या नाकाखाली धरला आणि विचारलं, याला धुराचा वास का येतोय? मी जराही विचार न करता सांगून टाकलं, "भट्टीचा असंल. हिनं ओली लाकडं घातली असतील."

ही, म्हणजे माझी बायको, माझ्या शेजारीच उभी होती. एरवी खवा पोचवायला मी एकटाच जातो; नेमकं त्या दिवशी तिला बाजारात काम होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकंही होती. मिठाईवाल्यानं डबे परत केले आणि म्हणाला, उद्याचा एक दिवस बघतो, उद्याही असाच निघाला तर परवापासून दुसऱ्याकडून घेतो. ईटजवळच्या आमच्या गावापर्यंत बायको खिडकीतून बाहेर बघत बसली. तिच्या खव्याला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. कढई भट्टीवर असली की ती मला जवळसुद्धा उभं करत नाही. मी शिंकेन म्हणते.

घरी आल्यावर तिनं डबे उतरवले, पिकअपच्या हौद्यात ताडपत्रीखाली डोकं घातलं आणि मला बोलावलं.

"वास घ्या."

घेतला. तोच वास होता.

"माझी भट्टी तुमच्या गाडीत हाय का?"

आता खरं सांगायचं तर दोन-तीन आठवडे गाडी काळा धूर सोडत होती, हे मला ठाऊक होतं. डिझेल जास्त पितेय, हेही ठाऊक होतं. चढाला तर ती इतकी दमायची की सायकलवाले मला हात करून पुढं जायचे. मी म्हणायचो, जुनी गाडी, वय झालं. ताडपत्री मागून उघडी असते आणि चालत्या गाडीत तिथून धूर आत ओढला जातो, हेही मी कधीतरी पाहिलं होतं. सगळं माहीत होतं, पण सुटं सुटं.

मिस्त्रीला फोन लावला. सोयाबीनच्या मळणीचे दिवस, तो कुणाच्या तरी मळणीयंत्राखाली पाठीवर पडलेला. यायला जमणार नाही, मी सांगतो तसं करा, म्हणाला. आधी धुराचा रंग सांगा. मी म्हणालो, काळा. कसला काळा? काळ्यात प्रकार असतात हे मला तेव्हाच कळलं. मग म्हणाला, इंजिनाचा आवाज ऐकवा. मी मोबाईल नेऊन धरला तो सायलेन्सरच्या तोंडाशी, आणि शेजारच्या मामांना अॅक्सिलेटर दाबायला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, कायच ऐकू येईना. कसं येणार? मोबाईलची भोकं काजळीनं भरली होती. पिनेनं ती कोरून काढल्यावरसुद्धा त्या मोबाईलवर सगळी माणसं विहिरीतून बोलल्यासारखी बोलतात.

मग त्यानं सांगितलं, लोड भरून चढाला धूर किती येतो बघा, सायलेन्सरपुढं पांढरं फडकं धरा. आम्ही सोयाबीनची पोती भरली. गाडी मामा चालवणार. मामांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला, त्यामुळं कुठलंही वाहन ते ट्रॅक्टरच्याच चालीनं चालवतात. म्हणून तर मला मागं पळता आलं. आरशात बघायची मात्र त्यांना सवय नाही.

तर मी कमरेत वाकून, दोन्ही हातांनी खव्याचं पांढरं फडकं पुढं धरून, गाडीमागं पळतोय. डोळ्यांतून धुरानं पाणी. चढाच्या मध्यावर एक म्हातारी शेरडं घेऊन येत होती. तिनं सगळी शेरडं रस्त्यावर आडवी घातली, गाडी थांबवली आणि मामांना म्हणाली, "आवो, घ्या की त्याला गाडीत. लेकरू कवाधरनं रडत रडत विनवायलंय."

लेकरू पन्नाशीचं. मामांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि विचारलं, "कोण हाय मागं?"

फडकं तव्याच्या बुडासारखं झालं होतं. मिस्त्री म्हणाला, हवेच्या मानानं डिझेल जास्त जातंय. एकतर डिझेलचा पंप जादा सोडतोय, न्हायतर हवाच कमी पडतीय. पंप असला तर तो उतरवून पाठवावा लागंल, दहा-बारा दिवस धरून चाला. हे ऐकून बायको भट्टीपासून उठून गाडीजवळ येऊन उभी राहिली. दहा-बारा दिवस तिच्याकडं नव्हते. उद्याची सकाळ तेवढी होती.

मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणं फिल्टरकडून इंजिनात जाणारा हवेचा पाइप मी सोडवला. मामांनी गाडी चालू केली. धूर नाही. जोरात रेस केली, तरी नाही.

"म्हंजे पंप न्हाय, हवाच," मिस्त्री म्हणाला. "फिल्टर चोंदला असंल, काढून बघा."

फिल्टर काढला. काय सांगू, इतका चोख, की ताटात घालून पाहुण्यांपुढं ठेवावा. माझी छाती जरा फुगलीच. मिस्त्रीनं विचारलं, मळणीच्या दिवसांत फिल्टर इतका चोख कसा? मला तेच सांगायचं होतं. म्हटलं, मी काळजी घेतोय म्हणून. खळ्यावरचा भुसा आत जाऊ नये म्हणून केबिनच्या मागं हवा ओढायचं तोंड आहे ना, त्यावर मी फडकं बांधून ठेवलंय.

"एकेरी?"

"छे. चौपदरी."

मिस्त्री म्हणाला, अवो, मग गाडीनं श्वास घ्यायचा कुठनं?

तोवर बायकोनं ते फडकं सोडलंही होतं. त्यावर भाकरीएवढा जाड भुशाचा थर बसलेला. तिनं तो झटकला, खालची नक्षी बघितली आणि म्हणाली, ही माझी साडी हाय.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच वाशीला गेलो. चढाला या खेपेला मीच सायकलवाल्यांना हात केला. मिठाईवाल्यानं गोळा फोडला, हुंगला, तोंडात टाकला आणि डबे आत घेतले. वर म्हणाला, वैनींनी भट्टी नीट केलेली दिसतीय. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, भट्टीला काय झालं नव्हतं, दोष गाडीचा होता. आणि गाडीचा कसला, माझाच. मग फडक्यासकट सगळं सांगितलं. गिऱ्हाइकं पेढे घ्यायची थांबून ऐकत होती. मिठाईवाला पोट धरून हसला, आणि हसून झाल्यावर गंभीर झाला. खवा वैनींचाच घेणार, म्हणाला, पण उद्यापासून तो माणसं नेणाऱ्या वडापच्या जीपनं पाठवा, तुमच्या गाडीत नको.

तेव्हापासून खवा जीपनं जातो, पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी. आणि आमची पिकअप धुराची रेघही न सोडता, नव्यासारखी चालते, आणि तिला काम नाही. एकदा मी बायकोला विचारलंच, आता या गाडीचं करायचं काय?

ती कढई खरवडत होती. वर न बघता म्हणाली, "जीपवाला रिकामे डबे परत आणत न्हाय म्हणतोय. तुमी गाडी घिऊन त्याच्या मागं मागं जावा, अन् डबे तेवढे घिऊन या."